सिस्टरबाईचे दोन स्टँड

मला इंग्रजी येतं ही अफवा आत्यानं सौंसरभर पसरवून ठेवली होती. पुरावा म्हणाल तर एवढाच, की मी मॅट्रिकला इंग्रजीत पास झालो होतो, तोही दुसऱ्या खेपेला. पांढुर्ण्याला एका कचेरीत मी आवक-जावकचा बाबू होतो. साहेब हिंदीत रागवायचे, मी मनातल्या मनात मराठीत उत्तर द्यायचो, आणि इंग्रजीचा संबंध यायचा तो टपालावरच्या शिक्क्यापुरता. पण आत्याच्या मोहल्ल्यात कुणाकडं औषधाची बाटली आली की ती माझ्यासाठी राखून ठेवत. मी रविवारी गेलो की बाटल्या समोर मांडल्या जायच्या. मी कपाळाला आठ्या घालून वाचायचो आणि म्हणायचो, "जेवण झाल्यावर घ्या." एवढ्या वर्षांत कुणी दगावलं नाही, हे त्या औषधांचं पुण्य.

ऐंशी साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. आश्विनाचे दिवस होते. सौंसरहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरनं कचेरीत येऊन निरोप दिला, "तुह्या आत्यानं सांगतलं, अमेरिकेची चिठ्ठी आली. वाचाले ये म्हने. अन् आजच ये म्हने."

अमेरिकेची चिठ्ठी म्हणजे सिस्टरबाईची, हे मला सांगायची गरज नव्हती. आत्याच्या ओळखीत अमेरिकेचं दुसरं कुणी नव्हतंच.

आत्या तरुणपणी विधवा झाली, मूलबाळ नव्हतं, आणि सौंसर तहसिलीतल्याच एका खेड्यात परदेशी लोकांचा छोटा दवाखाना होता तिथं ती आया म्हणून लागली. तिथली नर्स म्हणजे सिस्टरबाई. लांबलचक, लाल नाकाची, पुरुषासारख्या ढांगा टाकणारी बाई, असं आत्या सांगायची. दवाखान्यात वीज नव्हती. बाळंतपणाच्या वेळी सिस्टरबाईच्या दोन्ही हातांना काम असायचं, म्हणून उजेड आत्याच्या हातात. एक मेणबत्ती उशाशी तिपाईवर आणि एक आत्याच्या मुठीत. "इकडं म्हटलं का इकडं, तिकडं म्हटलं का तिकडं. हात हालला का तिचं इंग्रजी सुरू," असं आत्या हसून सांगायची. त्या मेणबत्त्या ज्यात उभ्या राहायच्या, ते दोन स्टँड सिस्टरबाईनं गावाहून, म्हणजे अमेरिकेहून, आणलेले. पुढं दवाखाना बंद झाला, सिस्टरबाई परत गेली आणि जाताना ती जोडी आत्याच्या पदरात टाकून गेली.

शमादान हा शब्द मी फार उशिरा वाचला. आमच्या घरी ते स्टँडच. वीतभर उंच, खाली बशीसारखा पसरट पाया, मधे कंबर, वर मेणबत्ती खोचायची वाटी. लोणच्याची बरणी ज्या जातीची असते त्याच जातीची जड, भाजलेली माती. पण बरणीसारखी पिवळी-तपकिरी नाही, तर राखाडी, आणि तिच्यावर निळ्या रंगानं काढलेली दोन-दोन पानं. पानं काही फार सफाईदार नव्हती. घाईत काढल्यासारखी वाटायची. चकाकी मात्र अशी, की अजून ओलं आहे असं वाटावं. आणि त्या चकाकीवर बोट फिरवलं तर बारीक बारीक खळगे लागायचे, अगदी संत्र्याच्या सालीसारखे. लहानपणी मला वाटायचं, अमेरिकेतही आपल्यासारखी संत्री होत असतील आणि त्यांच्या साली वाळवून हे बनवत असतील. आत्या म्हणायची, "नाई रे येड्या. भट्टी लाल झाली का तिच्यात मीठ फेकते ते लोक. मिठानं चमक येते. सिस्टरबाईच्या आज्यानं सोताच्या हातानं केले हे." सिस्टरबाईचा आजा कुंभार होता, ही गोष्ट आत्याला फार आवडायची. मेम म्हणजे राणीच असली पाहिजे असं गाव समजायचं, आणि ही निघाली कुंभाराची नात.

आता ते स्टँड आत्याच्या घरी बुद्धमूर्तीच्या दोन बाजूंना उभे असत. पौर्णिमेला वंदना व्हायची तेव्हा त्यांत मेणबत्त्या लागायच्या. मोहल्ल्यात बाकी सगळ्यांकडं मेणबत्ती पाटावर मेण टपकवून चिकटवलेली. आत्याकडं मात्र अमेरिकेच्या स्टँडात. त्याचा तिला थोडा गर्व होता, आणि गर्व नसावा हे शिकवणाऱ्या मूर्तीसमोर तो असल्यामुळं ती तो झाकायचा प्रयत्न करायची. झाकला जायचा नाही.

तर मी गेलो. पत्र हातात घेतलं. अक्षर तिरपं, लांब आणि कोळ्यानं विणल्यासारखं. मला नेमके चार शब्द कळले: सिस्टरबाईची सही, डिसेंबरातली एक तारीख, नागपूर आणि सौंसर. वीस वर्षांत पहिलं पत्र आणि त्यातले चार शब्द! पण आत्या तोंडाकडं टक लावून बसलेली. मी म्हटलं, "डिसेंबरात येऊन राहिली ती. नागपूरले उतरन, तिथून गाडीनं तुह्याकडं. एक दिवस."

"अजून काय लिहिलं? एवढं भरलं आहे पान."

"तुह्यी तब्येत विचारली."

"एवढ्या मोठ्यानं?"

"अमेरिकेत तब्येत मोठ्यानंच विचारते," मी म्हटलं.

आत्याचं त्याकडं लक्षच नव्हतं. ती उठून स्टँडांशी गेली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिसायचं ते पडद्याआडून दिसल्यासारखं. तिनं हातानंच दोन्ही स्टँड चाचपले. "तिले हे लागलेले दिसले पाह्यजे. दोन्ही. जोडीनं. वीस सालात एक टवका उडू नाई देला मी. बस, एवढं पाहून जाऊ दे ती. मंग मले काई नाई पाह्यजे."

हे तिनं सांगितलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते. संध्याकाळी सात वाजता मी त्यातला एक फोडला.

कसं झालं ते सांगतो. त्याच दिवशी पौर्णिमा होती. मोहल्ल्यातली पंधरा-वीस माणसं पांढरे कपडे घालून आत्याच्या ओसरीत जमली. आत्यानं दुसरी मेणबत्ती लावायचं काम माझ्याकडं दिलं. स्टँडची वाटी मूळच्या जाड अमेरिकन मेणबत्तीसाठी केलेली. आमच्या दुकानातली मेणबत्ती करंगळीएवढी, ती त्यात डुलायची. आत्याची रीत अशी, की आधी वाटीत मेण टपकवायचं, मेणबत्ती त्यात रोवायची आणि मेण थिजेपर्यंत धरून उभं राहायचं. "दमानं कर," ती म्हणाली. पण शिकलेला माणूस दमानं कशाला करेल? मी वर्तमानपत्राचा कपटा घेतला, मेणबत्तीच्या बुडाला गुंडाळला आणि घट्ट खोचून दिला. एका मिनिटात काम. आत्याच्या बाजूच्या स्टँडात तिनं आपल्या रीतीनं आधीच लावली होती. माझा कपटेवाला स्टँड माझ्या बाजूला.

वंदना सुरू झाली. सगळ्यांचे डोळे मिटलेले, हात जोडलेले. माझे डोळे अर्धे उघडे असतात ही माझी लहानपणापासूनची खोड, आणि आयुष्यात एकदाच ती कामाची ठरली. मेणबत्ती जळत जळत खाली आली, ज्योत कपट्याला लागली आणि वाटीतलं सगळं मेण कागदासकट पेटलं. चांगली हातभर ज्वाला! आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? फुंकर मारेल. पण आत्याच्या घरचा नियम होता, मूर्तीसमोरची ज्योत तोंडानं फुंकायची नाही. तोंडचं उष्टं वारं म्हणे. लहानपणी फुंकली म्हणून मी तिच्या हातचा मार खाल्लेला होता. पाठीला ते आठवत होतं. शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या होता. मी तो उचलला आणि ओतला.

भक्क करून एकदा ज्वाला वर गेली, माझ्या भुवया घेऊन विझली, आणि मग आवाज आला. टक्. एवढाच. सुपारी फुटल्यासारखा. मी पाहिलं, स्टँड उभा होता. मनात म्हटलं, वाचलो. खात्री करावी म्हणून त्याला मानेला धरून उचललं. वरचा अर्धा माझ्या हातात आला. खालचा अर्धा जागेवरच बसून राहिला, जणू काही झालंच नाही.

त्याच क्षणी सगळे एका सुरात शीलं म्हणत होते आणि चौथ्या शीलावर आले होते: मी खोटं बोलणार नाही. मीही सगळ्यांबरोबर म्हणत होतो. म्हणता म्हणता मी वरचा अर्धा खालच्या अर्ध्यावर अलगद ठेवला, जुळवला आणि मेणबत्तीचं थोटूक बाजूला सरकवलं.

वंदना झाल्यावर आत्यानं विचारलं, "जळल्याचा वास कायचा रे?"

"वात मोठी होती," मी म्हटलं.

शेजारची एक म्हातारी माझ्याकडं निरखून पाहत होती. "अन् याच्या भुवया कोनी नेल्या वं?"

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पुढं मी हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे, की आता ते मला पाठ आहे. पण आत्या बायकांना सांगत होती, "सिस्टरबाई येऊन राहिली. डिसेंबरात. हे दोन्ही लावीन मी तिच्यासमोर." बायका "हाव का, हाव का" करत होत्या. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, उद्या सांगू. सकाळी मी तिला म्हटलं, "आत्या, स्टँडवर मेणाचे थर बसले. पांढुर्ण्याले एक मानूस आहे, पॉलिश करून देते. नेऊ का?"

"दोन्ही ने मंग."

"नाई, एकच खराब आहे."

"एकच कसा खराब होईन? दोघंही संगंच जळते."

"हा माह्या बाजूचा आहे," मी म्हटलं. हे इतकं खरं होतं, की तिलाही पटलं.

संत्र्याच्या रिकाम्या पेटीत तणस घालून मी ते दोन तुकडे पांढुर्ण्याला आणले. बसमध्ये पेटी मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "संत्रा आहे का बाबू? एखांदा काढा ना." मी म्हटलं, "आंबट आहे." त्या दिवशी खोटं बोलायचा हातच बसला होता.

आता तुकडे तर आणले, पुढं काय? पहिल्यांदा गेलो कुंभाराकडं. मला वाटलं, माती ती माती. त्यानं दोन्ही तुकडे हातात घेऊन उलटेपालटे केले, फुटलेली कड नखानं खाजवली, जिभेलाही लावून पाहिली. "हे आपल्या भट्टीतलं काम नाही, बाबू. आपली भट्टी मडक्याची. एवढ्या आंचेत माझी भट्टीच बसून जाईन."

"असाच नवा एक करता येते का?"

"ही चमक कुठून आणू?"

"भट्टीत मीठ फेकायचं," मी मोठ्या ज्ञानानं सांगितलं.

त्यानं बायकोला हाक मारली. "ऐक व, बाबू काय म्हनून राहिले! भट्टीत मीठ टाक म्हनते. तू भाजीत तं टाकत नाहीस." दोघंही इतकी हसली, की मला वाटलं, निदान कुणाचं तरी भलं झालं.

मग चिनी मातीच्या बरण्या विकणाऱ्याकडं गेलो. तो म्हणाला, बरणी फुटली तर आम्ही फेकतो, नवी घ्या. मग एका मूर्ती रंगवणाऱ्याकडं. त्यानं चिकटवायचं सामान सांगितलं: दोन पुड्या मिळतात, एक काळी, एक पांढरी, दोन्ही कणकेसारख्या मळायच्या आणि लावायच्या, लोखंडही चिकटतं म्हणे. मी मळलं. लावलं. दोरीनं बांधून आठ दिवस खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं, आणि रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा त्याच्यापाशी बसायचो. दोरी सोडली तर चिकटलेलं होतं! पण कंबरेभोवती काळा पट्टा. जणू करगोटा बांधलेला. तो झाकायला मी राखाडी रंग आणला आणि निळ्या शाईनं एक पान काढलं. मूळची पानं घाईत काढल्यासारखी होती म्हणालो ना? माझं पान काढून झाल्यावर मला कळलं, की घाईत काढणं आणि न येणं यात किती फरक असतो. माझं पान वांग्यासारखं दिसत होतं.

दरम्यान तीन रविवार मी आत्याकडं जाऊन आलो. दर वेळी ती विचारायची, "आला का पॉलिश होऊन?" आणि मी, "वाळून राहिला." शेवटी ती म्हणाली, "पॉलिश आहे का पापड?"

डिसेंबरात, सिस्टरबाई यायच्या दिवशी सकाळी मी तो स्टँड नेऊन जागेवर ठेवला. वांग्याची बाजू भिंतीकडं. "हात लावू नको आत्या, अजून ओला आहे." ती बिचारी हात मागं घेऊन उभी राहिली. तिनं नवं पांढरं लुगडं नेसलं होतं, अंगण सारवून घेतलं होतं, आणि दुपारच्या उजेडात दोन्ही मेणबत्त्या लावून ठेवल्या होत्या. या वेळी दोन्ही तिनं स्वतः रोवल्या. माझ्या स्टँडाला हात न लावता मेण टपकवता टपकवता तिच्या कपाळाला घाम आला.

भाड्याची मोटार गल्लीच्या तोंडाशी थांबली. ड्रायव्हर गाडीतच झोपून गेला. सिस्टरबाई उतरली. लांबलचक ती अजूनही होती, पण वाकलेली, हातात काठी. आत्या दारात उभी. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. सिस्टरबाई वीस वर्षांत मराठी पार विसरून गेली होती, उरले होते ते फक्त बाळंतपणाचे शब्द. तिनं काठी टाकली, हात पसरले आणि मोठ्यानं ओरडली, "जोर लाव! जोर लाव!"

आत्या हसत, रडत तिच्या गळ्यात पडली. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसलो. पुढं आपल्याला हसता येणार नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आत आल्यावर सिस्टरबाईची नजर स्टँडांवर गेली. ती जमिनीवर बसली, या वयात, गुडघ्यांचा आवाज करत. ती माझ्याकडं वळून काहीतरी म्हणाली. आत्यानं विचारलं, "काय म्हनते?" मला त्यातलं 'ग्रँडफादर' कळलं. मी म्हटलं, "तिचा आजा आठवून राहिला तिले." आत्याचा चेहरा फुलला. ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "सांग तिले, एक टवका नाई उडू देला मी."

मी सांगितलं. मला आलं तसं. "नो ब्रेक. ट्वेंटी इयर. नो ब्रेक." हे बोलताना माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

सिस्टरबाईनं मान हलवली, दोन्ही मेणबत्त्या विझवल्या (तिनं फुंकूनच विझवल्या, आणि आत्या काही बोलली नाही) आणि बुडाखाली कोरलेली अक्षरं मला दाखवावीत म्हणून एक स्टँड उचलला. दोनांतला कोणता, हे विचारू नका. मी "नो, नो" म्हणेपर्यंत तिनं तो मानेला धरून उलटा केला. ज्वाळेनं की वजनानं, लोखंड चिकटवणारी माझी कणीक सुटली. पाया निखळला, फरशीवर पडला आणि त्याचे तीन तुकडे झाले.

सिस्टरबाईच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. ती हातातल्या अर्ध्याकडं पाहत राहिली. आज्याच्या हातची वस्तू, वीस वर्षं एका बाईनं जपलेली, आणि आल्यावर अर्ध्या तासात आपण फोडली, असं तिला वाटलं. ती आत्याचे हात धरून रडायला लागली. आणि आत्या, जिचं खरं तर गेलं होतं, ती तिची पाठ चोळत होती, "श्वास घे, बाई, श्वास घे." ते शब्द सिस्टरबाईला कळले. ती श्वास घ्यायला लागली.

मला राहवलं नाही. मी पुढं होऊन म्हणालो, "आय ब्रेक. मी. बिफोर. यू नो ब्रेक. आय ब्रेक."

सिस्टरबाईनं डोळे पुसले, माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्या गालाला हात लावला. पुष्कळ काही बोलली. त्यातला 'काइंड' मला कळला. तिला वाटलं, म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून हा पोरगा आपल्या अंगावर घेतो आहे.

"काय म्हनते?" आत्या.

मग मी आत्याला सगळं सांगितलं. कपटा, तांब्या, दोन पुड्या, वांगं, सगळं. सांगताना मी तिच्या पायाच्या अंगठ्याकडं पाहत होतो. ती ऐकून घेत होती. मग तिनं विचारलं, "हे तिले सांगतलं का?"

"सांगतलं."

"मंग ती रडून कायले राहिली?"

"तिले वाटते, मी तिचा दोष माह्यावर घेऊन राहिलो."

"तू?" आत्या म्हणाली. "तू कोनाचा दोष घेशीन? तिले सांग, तू तसा नाई म्हनून."

हे मला इंग्रजीत कसं सांगावं कळेना. आत्यानं वाट पाहिली, आणि मग भाषेचा नाद सोडून माझ्या डोक्यात एक सणसणीत चापट मारली. तुकड्यांकडं बोट केलं, माझ्याकडं बोट केलं. "हा! ह्यानं! ह्याच उजेडात तुले ओढून काढलं होतं रे आम्ही दोघींनी, अन् तूच तोडला!" दुसरी चापट. सिस्टरबाई घाबरून उठली आणि मधे आली. तिनं मला आपल्या पाठीशी घेतलं, आत्याला हातानं थांबवलं, आणि मी त्या उंच म्हातारीच्या मागं उभा राहून तिच्या खांद्यावरून आत्याकडं पाहत राहिलो. असा असहाय मी नंतर कधी झालो नाही.

जाताना सिस्टरबाईनं सगळे तुकडे गोळा केले. अमेरिकेत जोडून आणते, असं तिचं म्हणणं असावं. नको म्हणायला मला शब्द नव्हते, आणि आत्यानं मधे पडायचं सोडून दिलं होतं. पेटी माझीच, तणसही माझंच. मोटार गेली. आत्या उरलेला एक स्टँड मूर्तीच्या उजव्या बाजूला ठेवून आत निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी नागपूरहून एक पितळी स्टँड आणून दिला. त्याच्यावर ती कपडे धुवायचा साबण ठेवायची.

फाल्गुनात पत्र आलं. या वेळी मी डिक्शनरी घेऊन गेलो होतो. तुकडे एका कारागिराकडं दिले आहेत, मला क्षमा कर, असा मजकूर होता. आत्या म्हणाली, "लिही. ह्यानं फोडला म्हनून लिही." मी लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर: स्टँड जोडला आहे, माझ्या खिडकीत आहे, पुढच्या वेळी घेऊन येईन, आणि तुझ्या भाच्याचं मन फार मोठं आहे. आत्यानं ते दोनदा वाचायला लावलं. "पुन्हा लिही." मी पुन्हा लिहिलं. पुन्हा उत्तर, पुन्हा क्षमा, पुन्हा माझं मन. त्या पत्रांतून हळूहळू बाकीचंही यायला लागलं. तिथं बर्फ किती पडतो, तिची बहीण वारली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आत्यानं आपल्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं कळवलं. रामाकोना गावच्या त्या बाईला, दवाखान्यात जिचं बाळ पायाकडून आलं होतं, नातू झाला, हेही कळवलं.

असं वर्ष-दीड वर्ष चाललं. शेवटी मला वाटलं, हा खोटा मोठेपणा आता अंगावरून उतरवलाच पाहिजे. माझ्या इंग्रजीमुळंच ती विश्वास ठेवत नाही. मी पांढुर्ण्याच्या एका निवृत्त मास्तरांकडं पंधरा दिवस गेलो. कपट्यापासून वांग्यापर्यंत सगळी हकीकत दोन पानांत लिहिली. मास्तरांनी लाल शाईनं तपासली, मी पुन्हा लिहिली, त्यांनी पुन्हा तपासली. ते पत्र वाचून कुणालाही शंका उरली नसती, की स्टँड मीच फोडला. मी ते घेऊन सौंसरला गेलो आणि आत्याला मराठीत वाचून दाखवलं.

ती ऐकत होती. तिचे डोळे आता स्वच्छ झाले होते आणि ती माझ्याकडं सरळ पाहत होती, त्याची मला अजून सवय झाली नव्हती.

"आता मानीन ती?" तिनं विचारलं.

"आता मानाच लागन तिले."

"मंग ती माफी मागनं सोडन."

"हाव."

आत्या उंबऱ्याशी जाऊन बसली. "वीस साल किती चिठ्ठ्या आल्या रे तिच्या?"

"नाई आली. ती येतो म्हटलेली तेवढी एक."

"अन् फुटल्यावर?"

मी मोजलं नव्हतं. "सात-आठ असन."

"फाड तो कागद," ती म्हणाली.

"आत्या, पंधरा दिवस लागले मले."

"फाड. अन् लिही, का आता स्टँड कसा आहे म्हनाव. गुडघा कसा आहे. थंडीचं बाहीर फिरू नको म्हनाव."

"अन् माह्यं काय? ती मले भला मानूस समजून राहिली!"

"समजू दे," आत्या म्हणाली. "पूर्‍या दुनियेत तशी एकच बाई आहे. तिचं कायले मन मोडतं?"

मी ती दोन पानं फाडली. बिनचूक इंग्रजीतली माझी एवढीच दोन पानं होती. मग कोरा कागद घेतला आणि डिक्शनरीत गुडघा शोधायला लागलो.